स्थिर गंधक, फिरते तांबे

ओहोटीच्या वेळी रायबंदरहून चोडणच्या फेरीबोटीत बसले की काठच्या चिखलाचा कुजट वास नाकाला लागतो. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असते आणि खारफुटीखालच्या, खाजनाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या) काळ्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच. तिथले जिवाणू प्राणवायूऐवजी सल्फेटवर भागवतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. त्याचाच हा वास. हा वायू आणि गोव्याची दमट हवा एकत्र आली की तांबे काळवंडू लागते: एसीच्या नळ्या, जुन्या वायरिंगची उघडी टोके, वापराविना ठेवलेली भांडी. काजूची फेणी गाळण्याच्या भाटीत तांब्याचे भाण, म्हणजे रस उकळण्याचे भांडे, उपयोगी पडते, त्यामागेही एक कारण गंधकाचे आहे. आंबवलेल्या रसात गंधकाची काही दुर्गंधी संयुगे तयार होतात. तापलेल्या तांब्याशी गाठ पडली की ती भाणातच अडकतात आणि मद्याचा वास निवळतो. बारावीच्या प्रयोगशाळेत तांब्याच्या क्षाराच्या आम्लयुक्त द्रावणात हायड्रोजन सल्फाइड सोडला की काळा साका बसतो, तो तर विज्ञान शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलेला असतो.

या सगळ्याला आपण एकच नाव देतो, कॉपर सल्फाइड. मी फोंड्याला उच्च माध्यमिकात रसायनशास्त्र शिकवते. आमच्या पाठ्यपुस्तकात या नावाची दोन सूत्रे येतात. एकात तांब्याचे दोन अणू आणि गंधकाचा एक, दुसऱ्यात दोन्हींचा एकेक. मुले दोन्ही पाठ करतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. पण हा पदार्थ तेवढ्यावर संपत नाही. त्या एका नावाखाली अनेक वेगवेगळी खनिजे नांदतात, त्यांचे अणू वेगवेगळ्या पद्धतीने रचलेले असतात, आणि त्यांतले सर्वांत परिचित खनिज पाणी उकळण्याच्या तापमानाहून जेमतेम तीन-चार अंश वर नेले की बाहेरून घट्ट दगडच राहते, पण आत त्यातले निम्म्याहून अधिक अणू द्रवासारखे वाहू लागतात. सूत्र कळले म्हणजे पदार्थ कळला, ही समजूत या एका पदार्थापुढे टिकत नाही. अणू किती आहेत यासोबत ते कुठे बसले आहेत आणि मुळात बसले आहेत का, हेही विचारावे लागते.

आधी या कुटुंबाची ओळख करून घेऊ. गंधकाच्या एका अणूमागे तांब्याचे किती अणू, या प्रमाणावरून सदस्य ओळखले जातात. नेमके दोन असतील तर कॅल्कोसाइट. ते गडद करड्या रंगाचे, जड खनिज असते आणि त्यात वजनाने जवळजवळ ८० टक्के तांबे असते, म्हणून खाणवाल्यांचे ते लाडके. प्रमाण १.९४ च्या आसपास घसरले की जुर्लाइट. १.८ ला डिजेनाइट, १.७५ ला अ‍ॅनिलाइट. आणि अगदी टोकाला, एकास एक प्रमाणात, गर्द निळ्या रंगाचे कोव्हेलाइट. कोव्हेलाइटचे नाव निकोलो कोव्हेली या इटालियन शास्त्रज्ञावरून पडले; व्हेसुव्हियस ज्वालामुखीवर त्यांना ते सापडले होते. जुर्लाइटचे नाव स्वीडनच्या सेवेद जुर्ले यांच्यावरून आले. त्यांनी १९५८ मध्ये ते प्रयोगशाळेत ओळखले. तोवर निसर्गातले जुर्लाइट कॅल्कोसाइट म्हणूनच खपत होते, कारण डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. पुढे जुन्या संग्रहांतले कॅल्कोसाइटचे नमुने एक्स-रे लावून तपासले, तेव्हा त्यांतले कित्येक जुर्लाइट निघाले.

शंभर अणूंमागे दोन-तीन अणूंचा फरक, आणि खनिज वेगळे? हो, कारण रचना वेगळी.

स्फटिक म्हणजे अणूंची अशी मांडणी की तिचा एक छोटा ठोकळा तिन्ही दिशांना पुन्हा पुन्हा ठेवला की अख्खा स्फटिक उभा राहतो. या ठोकळ्याला युनिट सेल म्हणतात. आपल्या मिठाचा युनिट सेल फक्त आठ अणूंचा असतो. कॅल्कोसाइटचे सूत्र मिठाइतकेच साधे आहे, तेव्हा त्याचाही ठोकळा लहानच असेल असे वाटते. प्रत्यक्षात साध्या तापमानाला त्यात तांब्याचे ९६ आणि गंधकाचे ४८, मिळून १४४ अणू असतात. जुर्लाइटचा ठोकळा तर ३७६ अणूंचा आहे: तांब्याचे २४८, गंधकाचे १२८. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील हॉवर्ड एव्हान्स यांनी १९७० च्या दशकात या दोन्ही रचना उलगडल्या. जुर्लाइटमध्ये तांब्याच्या ६२ वेगवेगळ्या जागा आहेत, आणि प्रत्येक जागेचा शेजार थोडा निराळा. तो काळ आजच्या संगणकांचा नव्हता. एका करड्या दगडाच्या कणातून त्या ६२ जागा एकेक करून शोधून काढल्या गेल्या, याचा मला फार आदर वाटतो.

एवढा गुंता का होतो, हे समजायला आधी गंधकाकडे पाहावे. गंधकाचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, मोठा असतो, तांब्याचा त्याहून बराच लहान. त्यामुळे स्फटिकाचा सांगाडा गंधक उभारतो आणि तांबे त्यातल्या फटींत सामावते. कॅल्कोसाइटमध्ये गंधकाचे थर एकावर एक रचलेले असतात. पहिल्या थरातल्या खळग्यांवर दुसरा थर बसतो आणि तिसरा पुन्हा अगदी पहिल्याच्या डोक्यावर येतो. या रचनेला षट्कोनी म्हणतात. थरांच्या मध्ये आणि थरांच्या आतही मोकळ्या जागा उरतात. काही जागी तांब्याच्या आयनाला गंधकाचे तीन शेजारी मिळतात, काही जागी चार, तर काही जागी समोरासमोर फक्त दोन.

इथे तांब्याचा स्वभाव महत्त्वाचा ठरतो. एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या तांब्याच्या आयनात इलेक्ट्रॉनांचे कवच पूर्ण भरलेले असते. त्यामुळे अमुकच शेजार हवा असा त्याचा हट्ट नसतो. तिघांत बसला काय आणि चौघांत बसला काय, ऊर्जेत फारसा फरक पडत नाही, आणि एका जागेतून दुसऱ्या जागेत जायला मोठा चढही चढावा लागत नाही. थंड असताना हे आयन एकमेकांना टाळत, सावरत कशीबशी एक मांडणी पक्की करतात. मांडणी काटेकोर असते, पण एवढ्या जवळपास सारख्या जागांमधून निवड करायची असल्यामुळे तिचा नमुना पुन्हा सुरू व्हायला फार अंतर लागते. म्हणून १४४ अणूंचा ठोकळा.

आता कॅल्कोसाइट तापवू. ५०, ७०, ९० अंश; फार काही घडत नाही, आयन आपापल्या जागी थरथरत राहतात. मग १०३ ते १०४ अंश सेल्सिअसच्या दरम्यान एकदम बदल होतो. गंधकाचा सांगाडा जवळजवळ तसाच उभा राहतो, पण तांब्याची मांडणी विस्कटते. आयन एका फटीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत सतत ये-जा करू लागतात.

वास्कोच्या दामोदर सप्ताहाची फेरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चित्र डोळ्यांसमोर आणणे सोपे जाईल. दुकानांच्या रांगा आठवडाभर जागच्या हलत नाहीत, त्यांच्यामधल्या वाटांतून माणसांची दाटी मात्र अखंड सरकत असते. अमुक माणूस आत्ता कुठे आहे हे सांगता येणार नाही, पण कुठल्या चौकात दाटी जास्त आणि कुठल्या बोळात कमी, ते सांगता येते. १०४ अंशांवरच्या कॅल्कोसाइटमध्ये गंधक म्हणजे ती दुकाने आणि तांबे म्हणजे ती गर्दी.

म्हणूनच या तापमानाला स्फटिकशास्त्रज्ञ तांब्याच्या जागांऐवजी शक्यता लिहितात: या फटीत आयन सापडण्याची शक्यता इतकी, त्या फटीत तितकी. अणूंची ती बारीक मांडणीच उरलेली नसल्यामुळे युनिट सेलही आकसतो. १४४ अणूंचा ठोकळा जातो आणि सरासरी सहा अणूंचा, नीटस षट्कोनी ठोकळा येतो. तापवल्यावर रचना अधिक साधी आणि अधिक सममित झालेली दिसते, याचे मुलांना नेहमी नवल वाटते. पण ही सममिती सरासरीची आहे. प्रत्येक क्षणी आत पाहिले तर तिथे धावपळच आहे.

अशा पदार्थाला अतिआयनी वाहक म्हणतात. घन पदार्थात सहसा वीज वाहते ती इलेक्ट्रॉनांमुळे, इथे अख्खे आयनही वाहतात. आणि हा बदल हळूहळू होत नाही. बर्फ वितळताना तापमान शून्यावर अडून राहते आणि उष्णता मात्र आत मुरत जाते, तशीच सुप्त उष्णता इथेही लागते. परतीच्या वाटेवर, थंड करताना, बदल नेमक्या त्याच तापमानाला होत नाही. थोडा खाली होतो. तापवतानाची रेघ आणि थंड करतानाची रेघ यांत अंतर पडते. ही खूण लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरूनच एका मोठ्या दाव्याचा निकाल लागणार आहे.

आणखी तापवत नेले की ४३५ अंशांच्या आसपास दुसरा बदल येतो. पहिल्या बदलात फक्त तांबे सुटले होते. आता गंधकाचे थरही आपला क्रम बदलतात. तिसरा थर पहिल्याच्या डोक्यावर न बसता नव्या जागी बसतो आणि चौथ्यापासून पुन्हा पहिल्याची आवृत्ती सुरू होते. ही घनाकृती रचना. सगळा पदार्थ खऱ्या अर्थाने वितळायला मात्र ११३० अंशांच्या आसपास जावे लागते. म्हणजे हजाराहून अधिक अंशांच्या पट्ट्यात हा पदार्थ अर्धा घन आणि अर्धा वाहता असा राहतो. तांबे शुद्ध करणाऱ्या कारखान्यांत मात्र तो पूर्ण वितळवूनच वापरतात आणि त्यात हवा फुंकून गंधक जाळून टाकतात.

बाकीच्या सदस्यांना थोडक्यात आटोपते. जुर्लाइट सुमारे ९३ अंशांना टिकेनासे होते आणि त्याचे षट्कोनी कॅल्कोसाइट व घनाकृती डिजेनाइट अशा दोन भागांत विभाजन होते. अ‍ॅनिलाइट त्याहून नाजूक. जपानमधल्या अकिता प्रांतातल्या अनी खाणीवरून त्याला नाव मिळाले. ते खलबत्त्यात कुटले तरी त्याचे डिजेनाइट होऊ लागते. एक्स-रे तपासणीसाठी नमुन्याची पूड करण्याची रीत आहे, आणि इथे पूड करता करताच तपासायचा पदार्थ बदलतो. हाताच्या नुसत्या जोराने अणूंची मांडणी बदलावी इतक्या जवळच्या या रचना आहेत.

कोव्हेलाइटवर मात्र थांबावे लागेल, कारण पाठ्यपुस्तकातली सर्वांत घट्ट बसलेली समजूत इथे सुटते. एकास एक सूत्र पाहिले की आम्ही शिक्षक सांगतो, गंधकावर दोन ऋण भार, म्हणून तांब्यावर दोन धन भार. कागदावर हिशेब चोख बसतो. पण कोव्हेलाइटच्या रचनेत गंधकाचे दोन प्रकार आहेत. एक-तृतीयांश गंधक एकटे आहे आणि दोन-तृतीयांश गंधकाच्या जोड्या आहेत, दोन अणू थेट एकमेकांना बांधलेले. तांब्याच्याही दोन प्रकारच्या जागा आहेत: एक-तृतीयांश तांबे गंधकाच्या त्रिकोणात सपाट बसते, दोन-तृतीयांश चौकड्यांत. सगळी रचना थराथरांची असल्यामुळे कोव्हेलाइटचे अभ्रकासारखे पापुद्रे निघतात. इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजून पाहिली तर तांब्यावरचा भार सगळीकडे एकच्या आसपास निघतो. इलेक्ट्रॉनांची जी उणीव आपण तांब्याच्या माथी मारत होतो, ती प्रत्यक्षात गंधकाच्या वाट्याला आलेली असते. त्या उणिवेमुळेच कोव्हेलाइट धातूसारखे वीज वाहून नेते.

थंडीतही कोव्हेलाइट स्वस्थ बसत नाही. उणे २१८ अंशांच्या सुमारास त्याची षट्कोनी रचना किंचित कलते आणि सममिती कमी होते. आणि निरपेक्ष शून्याच्या जेमतेम १.६ अंश वर ते अतिवाहक होते, म्हणजे विजेला त्याचा रोध उरतच नाही. हे वाल्थर माइस्नर यांनी १९२९ मध्येच दाखवले. शुद्ध तांबे अतिवाहक होत नाही, आणि आपल्या रोजच्या दाबाला गंधकही होत नाही. पण दोघे एका विशिष्ट रचनेत बसले की होतात.

तांबे, गंधक आणि अतिवाहकता हे तीन शब्द २०२३ मध्ये पुन्हा एकत्र आले, आणि या वेळी सगळ्या जगासमोर. जुलैच्या अखेरीस दक्षिण कोरियातील एका गटाने दावा केला की शिसे, फॉस्फरस, प्राणवायू आणि थोडे तांबे असलेला त्यांचा एलके-९९ हा पदार्थ साध्या तापमानाला, साध्या दाबाला अतिवाहक आहे. खरे ठरले असते तर वीजवाहिन्यांपासून एमआरआय यंत्रांपर्यंत सगळे बदलले असते. आमच्या वर्गातली मुले रोज सकाळी मोबाइलवर नवी बातमी दाखवायची. त्यांचा उत्साह पाहून मलाही ते मूळ शोधनिबंध वाचावेसे वाटले. मुख्य पुराव्यांपैकी एक आलेख असा होता: नमुना थंड करत आणला की १०४.८ अंश सेल्सिअसला त्याचा विद्युतरोध धाडकन खाली येतो.

१०४.८. हा आकडा पाहताच अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ प्रशांत जैन चमकले. कॅल्कोसाइटच्या सूक्ष्मकणांवर त्यांनी पूर्वी काम केले होते आणि हे तापमान त्यांच्या ओळखीचे होते. एलके-९९ करण्याची कृती पाहिली तर उलगडा होत जातो. एका घटकात शिसे आणि सल्फेट, दुसऱ्यात तांबे आणि फॉस्फरस. दोन्ही एकत्र भाजायचे. या क्रियेत गंधक मोकळे होते, तांबेही उरते, आणि दोघांचे कॅल्कोसाइट बनते. म्हणजे पाककृतीतच ही भेसळ ठरलेली होती. त्याच ऑगस्टमध्ये बीजिंगच्या भौतिकशास्त्र संस्थेतल्या गटाने शुद्ध कॅल्कोसाइट आणि कॅल्कोसाइट मिसळलेले एलके-९९ दोन्ही मोजले. थंड करताना षट्कोनी रचना जाऊन १४४ अणूंची पक्की मांडणी येते, तेव्हा विद्युतरोध खूप पटींनी कोसळतो, हे त्यांनी दाखवले. आणि तापवताना व थंड करताना दोन वेगळ्या रेघाही दिसल्या. चुंबकीय क्षेत्र नसताना अतिवाहकतेकडे होणारा बदल असा नसतो. त्यात सुप्त उष्णता नसते आणि ते अंतरही पडत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत व्ही. पी. एस. अवाना यांच्या गटानेही एलके-९९ करून पाहिले. त्यांनाही अतिवाहकता आढळली नाही. जर्मनीतील श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेने गंधकाचा संपर्कच येऊ न देता त्याचे शुद्ध स्फटिक वाढवले. ते जांभळट, पारदर्शक निघाले आणि विजेचे दुर्वाहक. हे सगळे तीन-चार आठवड्यांत उलगडले.

या प्रकरणाची टिंगल करणारे पुष्कळ भेटले. मला मात्र ते वर्गात सांगण्यासारखे वाटते, कारण कॅल्कोसाइटच्या १०३-१०४ अंशांवर कित्येक वर्षे शांतपणे काम केलेली माणसे जगात होती म्हणूनच उत्तर इतक्या लवकर सापडले. ज्या आकड्याचा कुणाला काही उपयोग नाही असे वाटावे, तोच आकडा कामी आला.

उपयोगाचे म्हणाल तर या पदार्थाने आशा लावल्या आणि त्याच फिरत्या तांब्यापायी काही मोडल्याही. कॅल्कोसाइट आणि कॅडमियम सल्फाइड यांच्या पातळ थरांचा सौरघट १९५४ मध्येच दाखवला गेला होता. १९८० मध्ये डेलावेअर विद्यापीठाने त्याची कार्यक्षमता १० टक्क्यांच्या पुढे नेली. पातळ थरांच्या सौरघटांत हा टप्पा त्याआधी कुणी ओलांडला नव्हता. पण तांबे जागेवर राहीना. ते कॅडमियमच्या थरात झिरपायचे, शिवाय हवेशी संपर्क आला की पृष्ठभागावर जाऊन ऑक्साइड बनायचे. तांबे निघून गेले की मागे उरलेला पदार्थ कॅल्कोसाइट राहत नाही, जुर्लाइट होतो, मग डिजेनाइटच्या वाटेला लागतो. घटाचे आयुष्य घटले आणि तो उद्योग सिलिकॉन व इतर पदार्थांकडे वळला.

दुसरा प्रयत्न उष्णतेपासून वीज करण्याचा. अशा पदार्थाने वीज चांगली वाहायला हवी आणि उष्णता वाहता कामा नये. या दोन गोष्टी एकत्र मिळणे फार दुर्मीळ, कारण जो चांगला वीजवाहक तो बहुधा उष्णताही वाहून नेतो. घन पदार्थात उष्णता बऱ्याच अंशी अणूंच्या कंपनांवरून पुढे जाते. तांबेच द्रवासारखे फिरत असेल तर ती कंपने वाटेत मोडतात. गंधकाचा सांगाडा मात्र विजेची वाट मोकळी ठेवतो. शांघायच्या सिरॅमिक्स संस्थेतील गटाने २०१४ मध्ये दाखवले की तांबे किंचित कमी असलेले हे सल्फाइड सुमारे ७२७ अंश सेल्सिअसला या कामात १.७ गुणांक गाठते (गुणांक जितका मोठा तितका पदार्थ सरस). व्यवहारात दीर्घकाळ वापरात असलेल्या पदार्थांचा गुणांक एकच्या आसपास असतो. त्यात शिसे नाही, टेल्युरियमसारखे दुर्मीळ मूलद्रव्य नाही. तरी अडचण पुन्हा तीच: वीज वाहू लागली की तिच्याबरोबर तांब्याचे आयनही एका टोकाकडे सरकतात आणि तिथे धातूचे केस उगवावेत तसे बाहेर येतात. हे थोपवण्याच्या युक्त्यांवर आजही काम चालू आहे.

अब्जांश मीटरच्या मापाचे कण केले तर बदलाचे तापमानही खाली उतरते, आणि कणांतून तांबे कमी केले की ते डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश जोरात शोषू लागतात. त्याबद्दल वेगळे लिहावे लागेल.

आपल्या गोव्यात या विषयाशी थेट जोडलेले काम वास्कोच्या हेडलँड सड्यावर चालते. तिथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे हिंदी महासागराच्या तळावरची बहुधातू सल्फाइडे शोधण्याची जबाबदारी आहे. २०१६ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी १५ वर्षांचा करार केला. त्यानुसार मध्य आणि नैर्ऋत्य हिंदी महासागरातील कटकांवर, म्हणजे तळावरच्या डोंगररांगांवर, १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्र शोधासाठी मिळाले. समुद्राचे पाणी तळाच्या भेगांतून खोल झिरपते, तप्त खडकातून धातू विरघळवून घेते आणि ३५० अंशांच्या आसपास तापून पुन्हा वर उसळते. थंड पाण्याला भिडताच त्यातले धातू आणि गंधक एकत्र येऊन काळ्या धुरासारखे बाहेर पडतात आणि तिथे खनिजांची धुराडी उभी राहतात. १९७९ मध्ये पूर्व प्रशांत महासागरात अशी धुराडी माणसाने प्रथम पाहिली. आपल्या हिंदी महासागरातल्या एका जिवंत धुराड्याचे, सुमारे ४,५०० मीटर खोलीवरचे छायाचित्र डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था आणि वास्कोचे हे केंद्र यांचे ते काम.

धुराड्याच्या तप्त आतल्या भागात तांबे, लोह आणि गंधकाचे पिवळे कॅल्कोपायराइट बसते. पुढे थंड पाणी आत शिरते, लोह निघून जाते आणि कडेकडेने कोव्हेलाइट, डिजेनाइट, कॅल्कोसाइट तयार होतात. भूशास्त्रज्ञ अशा खडकाची चकती कापून घासतात, चकचकीत करतात आणि परावर्तित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. निळे दिसते ते कोव्हेलाइट. तांब्याच्या अशा कुठल्याही साठ्यात करड्या कॅल्कोसाइटच्या स्फटिकाची बाह्य आकृती षट्कोनी असेल, पण आतली रचना साध्या तापमानाची असेल आणि तिच्यात जुळ्या पट्ट्या (एकाच रचनेचे, पण वेगळ्या दिशेला वळलेले भाग) पडलेल्या असतील, तर तो स्फटिक १०३ अंशांहून वर वाढला आणि नंतर थंड होताना आतून बदलला असा अर्थ निघतो. शेजारी जुर्लाइट असेल तर त्या भागाची आजची मांडणी ९३ अंशांखाली बसली आहे. अ‍ॅनिलाइट टिकून असेल तर त्याहूनही खाली. एकाच चकतीवर, काही मिलिमीटरच्या अंतरात, तो खडक कुठकुठल्या तापमानांतून गेला त्याचा क्रम लावता येतो. मात्र त्यासाठी चकती कापताना आणि घासताना नमुना तापू द्यायचा नाही आणि त्यावर फार जोरही द्यायचा नाही, नाहीतर अ‍ॅनिलाइट मोजण्याआधीच डिजेनाइट होऊन बसते.